वीस महिन्यांची लेक, माझा डावा कान आणि रात्रीचे दोन

जागता_पहारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचक आहे. आज लिहितोय, कारण आता डोकं चालेनासं झालंय.

लेक वीस महिन्यांची आहे. दिवसा तक्रारीला जागा नाही. खाते, खेळते, पडते, उठते. वजन-उंची बेताची, पण तक्त्यात नीट बसणारी. घोळ सगळा रात्रीचा. बायकोची कामाची वेळ पहाटेची, त्यामुळे रात्रीचं खातं माझ्याकडे. अंगावरचं दूध सुटलं आणि त्या जागी माझा कान आला. अक्षरशः कान. डाव्या कानाची पाळी अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि कापडाचा पोत बघावा तशी चुरत राहायची. उजवा चालत नाही, देऊन पाहिला. मी तिच्याकडे तोंड करून कुशीवर पडायचं, खोकायचं नाही, हलायचं नाही. बऱ्याच वेळाने बोटं सैल पडतात, मग मी कान सोडवून घेतो आणि चोरासारखा उठतो.

अकराच्या सुमारास हाक येते. कान. साडेबाराला परत कान. हे एक वेळ चाललं असतं. पण दोन वाजता उठते तेव्हा कानानेही भागत नाही. सरळ उठून बसते. रडणं नाही, चिडचिड नाही, चांगली टवटवीत. अंधारात हजेरी सुरू होते: "पंका. दिया. बाबा. बाबा नाक." मी झोपेचं सोंग घेतलं तर माझी पापणी बोटाने वर करून बघते. हे तास-दीड तास चालतं. मग आपोआप झोपते. चार-साडेचारला अजून एकदा उठून बाटली मागते आणि ती संपवून सातपर्यंत ढाराढूर.

दोन वाजताच्या या मैफलीचं काय करायचं? कान कसा सोडवायचा, शक्यतो फार न रडवता? आणि ओळखीतले एक जण म्हणाले की सर्दीचं सिरप थोडं दिलं की मुलं छान झोपतात. दिलेलं नाही, पण एखाद्या रात्री हात कपाटाकडे जाईल अशी भीती वाटते, म्हणून विचारतो.

अबोली_के

वाचून हसू आलं, रागावू नका. आमच्याकडे कानाऐवजी माझे केस होते. तीन वर्षांचा झाल्यावर लेकाने स्वतःच सोडले. होतं सगळं हळूहळू. एवढ्या लहान जिवाला शिस्त कसली लावायची? थोडे दिवस काढा.

निशाचर_आई

अबोली, थोडे दिवस काढायला हरकत नाही, पण या माणसाला दोनपासून साडेतीनपर्यंत रोज जागायचं आहे आणि सकाळी कामावर जायचं आहे. काहीच करू नका हा सल्ला दिवसा बरा वाटतो.

पहारेकरी, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि त्या तुम्ही एकाच दावणीला बांधल्या आहेत. अकरा आणि साडेबाराचं उठणं ही एक. दोनची मैफल ही दुसरी. दोन्हींचं कारण वेगळं, इलाज वेगळा.

पहिली आधी घेते. सलग झोप अशी कुणाचीच नसते. मोठ्यांची झोप साधारण ९० मिनिटांच्या चक्रांत चालते, या वयाच्या मुलांची चक्रं त्याहून लहान असतात. प्रत्येक चक्राच्या शेवटी सगळ्यांनाच थोडी जाग येते. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी ते आठवतही नाही. तुमची लेकही तेच करते आहे, फक्त त्या अर्धवट जागेपणी ती चाचपून बघते आणि झोपताना हातात असलेली वस्तू आता हातात नाही. वस्तू उठून दुसऱ्या खोलीत गेलेली असते. मग ती वस्तूला हाक मारते. यात हट्टीपणा नाही की लाडावलेपण नाही. तिला झोपेत शिरायचा एकच रस्ता माहीत आहे आणि तो तुमच्या डोक्याला चिकटलेला आहे.

याचा अर्थ असा की काम करायचं ते संध्याकाळी, ती पहिल्यांदा झोपते तेव्हा. रात्री एक वाजता नवीन काही शिकवायला जाऊ नका. तेव्हा शिकवणाराही अर्धमेला असतो. संध्याकाळी ती ज्या रीतीने झोपेल, तीच रीत ती रात्रभर मागणार आहे.

दोनच्या मैफलीबद्दल माझा संशय वेगळाच आहे, पण त्याआधी मला वेळा हव्यात. अंथरुणावर कधी नेता, खरी झोप कधी लागते, सकाळी कधी उठते, दुपारी किती झोपते. अंदाजपंचे नको.

प्रतिक_३१

एवढं काही नसतं हो. खोलीत ठेवायचं, दार लावायचं, बाहेर यायचं. दोन-तीन रात्री रडू द्या. विषय संपला. आमच्याकडे असंच केलं.

अबोली_के

@प्रतिक, एवढ्याशा मुलीला एकटीला रडत ठेवायचं? त्याने मेंदूवर परिणाम होतो, मुलं आईवडिलांवर विश्वास ठेवणं सोडून देतात.

जागता_पहारा

दार लावणं मला जमणार नाही, तत्त्व वगैरे काही नाही, जमणारच नाही. तेव्हा त्यावरून इथे भांडू नका, प्लीज.

निशाचरताई, वेळा लिहून काढल्या. साडेसातला अंथरुणावर. खरी झोप सव्वाआठला, म्हणजे पाऊण तास कान चुरणं. दोनला जाग, साडेतीनला झोप. सकाळी सात. दुपारी पाळणाघरात जेवण झालं की साडेबारा ते साडेतीन. तिथल्या ताई खूश आहेत, म्हणतात सगळ्यांत शहाणी झोपणारी हीच.

निशाचर_आई

शहाणी आहेच! दुपारी तीन तास?

आता बेरीज करा. सव्वाआठ ते दोन पावणेसहा तास. साडेतीन ते सात साडेतीन तास. रात्रीचे झाले सव्वानऊ. दुपारचे तीन. एकूण सव्वाबारा. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून, दुपारची झोप धरून, ११ ते १४ तास लागतात, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. म्हणजे पोरीची झोप कमी नाहीच. तिला हवे तेवढे तास ती झोपते आहे. तुम्ही तिला रात्री अंथरुणावर साडेअकरा तास देता, पण झोपेतले तीन तास तिने दुपारीच उरकलेले असतात. उरलेल्या वेळेचं ती काय करणार? थोडा वेळ सुरुवातीला कान चुरण्यात घालवते आणि उरलेला मध्यरात्री पंखा मोजण्यात. म्हणूनच ती चिडलेली नसते. ज्या मुलाची झोप मोडते ते रडतं. हिची झोप त्या घटकेपुरती पुरी झालेली असते.

रविवारी दुपारी घरी किती झोपते?

जागता_पहारा

जेमतेम दीड तास. माझा कान लागतो आणि मला तेवढा वेळ पडून राहता येत नाही.

निशाचर_आई

आणि रविवारी रात्री दोनला?

जागता_पहारा

...आत्ता बायकोला विचारलं. ती म्हणते सोमवारी पहाटे ती निघते तेव्हा मी नेहमी घोरत असतो. इतर दिवशी डोळे उघडे ठेवून पडलेला असतो. म्हणजे रविवारी रात्री मैफल नसते बहुतेक. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निशाचर_आई

झालं तर मग. दुपारची झोप दोन तासांवर आणा. म्हणजे अडीचला उठवा, झोपलेली असली तरी. एकदम नको, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं कमी करत. रात्री साडेसातला नेऊन काही उपयोग नाही, तिला झोप येतेच सव्वाआठला. सध्या सव्वाआठला न्या, पटकन झोप लागायला लागली की मग साडेआठ ठरवून टाका. सकाळी पावणेसातला उठवायचं, रात्र कशीही गेली तरी. घडी मोडते ती इथेच. वाईट रात्रीनंतर सगळे मुलाला नऊपर्यंत झोपू देतात आणि मग पुढची रात्रही वाईट जाते.

दुपारची झोप पार बंद मात्र करू नका. वीस महिने हे ते सोडायचं वय नाही, बहुतेक मुलं तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सोडतात. दुपारी अजिबात न झोपलेलं मूल संध्याकाळी जे रूप दाखवतं ते तुम्हाला बघायचं नाही.

परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातील. तोवर दोन वाजता उठली तर अंधार तसाच ठेवायचा. मोबाइल नाही, दिवा नाही, नाकाचं नाव सांगितलं तर उत्तर नाही. एकदा "रात्र आहे, झोपायचं" म्हणायचं आणि पडून राहायचं. कंटाळवाणं व्हायचं, हेच कसब. दिव्याचं मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांवर एक प्रयोग झाला. झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं तर झोपेला मदत करणारं मेलाटोनिन सरासरी ८८ टक्के घटलं आणि दिवा बंद केल्यावरही पाऊण तास ते बऱ्याच मुलांत वर आलं नाही. मुलं दहाच, पण मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या डोळ्यांत उजेड जास्त शिरतो हे पटण्यासारखं आहे. आमच्याकडे जेवणानंतर मोठे दिवे बंद, कोपऱ्यातला एक मंद पिवळा चालू. नवरा म्हणायचा घर आहे की भुयार. असो.

रडण्याच्या वादावर एवढंच. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये ६ ते १६ महिन्यांच्या ४३ बाळांचा अभ्यास झाला. काहींना थोडं थोडं अंतर वाढवत रडू दिलं, काहींची झोपायची वेळ उशिरा नेली, काहींच्या आईवडिलांना नुसती माहिती दिली. लाळेतला ताणाचा संप्रेरक बघितला, वर्षभराने आईबापांशी असलेली ओढही तपासली. रडू दिलेल्या बाळांत तोटा आढळला नाही. त्याआधी २०१२ मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात मुलं सहा वर्षांची होईपर्यंत माग ठेवला होता, तिथेही तोटा दिसला नाही. तेव्हा अबोली, मेंदूची भीती घालू नकोस कुणाला. आणि प्रतिक, याच अभ्यासांत झोपेची वेळ सरकवणं किंवा शेजारी बसून राहणं याही पद्धती होत्या आणि त्यांनीही काम झालं. दार लावणं हा एकच मार्ग नाही. ज्याला जे शेवटपर्यंत निभावता येईल ते त्याने करावं. अर्ध्यावर सोडलेली पद्धत सगळ्यांत वाईट, कारण मुलाला एवढंच कळतं की पुरेसा वेळ ओरडलं की कान मिळतो.

मधुमालती

मी पाळणाघर चालवते म्हणून एक शंका. जागता_पहारा, तुमची लेक दुपारी तीन तास झोपते तेव्हा कुणाचा कान धरते?

जागता_पहारा

😳 उद्या विचारून सांगतो.

जागता_पहारा

विचारलं. कुणाचाच नाही! ताई म्हणाल्या गादीवर टाकलं की चादरीची कड बोटांत घेते, तीच चुरते आणि पाच मिनिटांत झोपते. मी तिथेच उभा राहून दोनदा विचारलं, आमच्याच मुलीबद्दल सांगताय ना.

मधुमालती

हे नेहमीचं आहे, वाईट वाटून घेऊ नका. मुलांना माणूस आणि जागा बरोबर कळते. बाबांकडे कान मिळतो, ताईंकडे चादर. म्हणजे कानाशिवाय झोपणं तिला शिकवायचं नाही, ते येतं. घरी आणायचं फक्त.

चादरीची कोणती कड ते बघून घ्या. बहुतेक दुमडून शिवलेली जाड कड असते, बोटाला शिवण लागते ती मुलांना आवडते. जुन्या चादरीचा रुमालाएवढा तुकडा कापा, चारी बाजूंनी तशीच कड शिवून घ्या. दोन करा, एक धुवायला जातो तेव्हा घरात आकांत नको. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात मी असं काही ठेवू देत नाही, वीस महिन्यांना चालतं. लोंबणारी दोरी, नाडी, बटण मात्र नको. आणि तुकडा दोन-तीन दिवस दिवसाही हातात असू द्या, म्हणजे रात्री तो परका वाटणार नाही.

मग संध्याकाळी तुम्ही आडवं पडायचंच नाही. गादीच्या बाजूला बसायचं, कान हाताला लागणार नाही असं. तुकडा तिच्या हातात, तुमचा हात तिच्या पाठीवर. कान मागेल, रडेल, उभी राहील. "कान आता झोपला, हे धर" म्हणायचं आणि तिथेच राहायचं. रोज तेच वाक्य. काही दिवस सरले की हात काढायचा, नुसतं बसायचं. मग थोडं लांब, मग दाराशी. एक पायरी तीन-चार रात्री तरी.

अडीचला उठवायचं ताईंना सांगताना एक समजून घ्या. आम्हाला ते आवडत नाही. बाकीची पोरं झोपलेली असतात आणि एक उठलं की रांगच लागते. लेखी द्या, कारण सांगा, आणि तिला उठवून कुठे बसवतील ते त्यांनाच ठरवू द्या. म्हणजे करतील.

बालवैद्य_ग

मी बालरोगतज्ज्ञ आहे. न तपासता कुणाचं निदान करत नाही, पण सवयीकडे वळण्याआधी काही गोष्टी बघून घ्याव्यात म्हणून लिहितो.

सिरपचं आधी. नको. सर्दीच्या काही औषधांत गुंगी आणणारे घटक असतात. त्यातल्या प्रोमेथाझिनमुळे दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झालेले आहेत, या वयात ते देऊ नये असा ठळक इशारा त्यावर असतो. डायफेनहायड्रामिन या दुसऱ्या औषधाची रात्री उठणाऱ्या ४४ बाळांवर चाचणी घेतली होती, निकाल २००६ मध्ये आला. औषधाचा काही फायदा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली. उलट काही मुलं या औषधाने झोपायच्या ऐवजी चेकाळतात. मेलाटोनिनच्या गोळ्या-चॉकलेटंही स्वतःहून देऊ नका.

घोरते का? सर्दी नसताना आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, मान मागे ताणणं, श्वास मध्येच अडकून दचकणं, यातलं काही असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी तपासून घ्या. तिथे अडचण असेल तर चादरीचा तुकडा काय करणार?

रात्रभर पाय झाडते, गादीभर फिरते, सतत अस्वस्थ असते असं असेल तर लोह तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, कमी असू शकतं आणि त्याने झोप चाळवते. दिवसाला दूध किती पिते? अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं की जेवण मागे पडतं आणि लोह कमी होण्याची शक्यता वाढते.

चारची बाटली बंद करा. या वयाच्या निरोगी मुलाला रात्री भूक भागवायला दुधाची गरज नसते. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच राहतं आणि पुढचे वरचे दात किडायला सुरुवात होते. दर दोन-तीन रात्रींनी ३० मिलिलिटर कमी करत जा. शेवटी पाणी. पाण्यासाठी कुणी फार दिवस उठत नाही.

दाढांवर सगळं ढकलू नका. सुळे याच सुमारास येतात, मागच्या दाढा साधारण दोन वर्षांच्या आगेमागे. त्यांचा त्रास दोन-चार दिवसांचा असतो, महिनोन्महिन्यांचा नाही.

जागता_पहारा

धन्यवाद डॉक्टर. घोरत नाही, तोंड मिटलेलं असतं (इतक्या जवळून रोज बघतो की याबद्दल खात्रीने सांगू शकतो). दूध मोजलं तर पाऊण लिटरच्या आसपास निघालं, मी पाव लिटरचा अंदाज धरून बसलो होतो. रक्त तपासायला पुढच्या भेटीत सांगतो. सिरप कपाटातून काढून टाकलं.

जागता_पहारा

बऱ्याच दिवसांनी येतोय. काय झालं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल.

दुपारची झोप आधी कमी केली, बाकी काहीच बदललं नाही. मधुमालतींनी सांगितल्याप्रमाणेच पाळणाघरातल्या ताई कुरकुरल्या, पण लिहून दिल्यावर तयार झाल्या. तिला उठवून भाजीच्या टोपलीजवळ बसवतात, ती शेंगा एका भांड्यातून दुसऱ्यात टाकत बसते. मैफल आधी अर्ध्या तासावर आली आणि मग गेली. अगदी गेली असं नाही, एखाद्या रात्री अजून "पंका" ऐकू येतं, पण उठून बसत नाही. पडल्या पडल्या म्हणते आणि झोपते. रात्री पाऊण तासाचं चुरणंही संपलं, दहा मिनिटांत काम होतं. साडेआठची वेळ आता नक्की झाली आहे.

कानाचं जास्त जड गेलं. तुकडा तिने आधी माझ्या कानावर ठेवला आणि वरून कान धरला. हा उपाय कुणी सुचवला नव्हता. मी बसून राहायला लागलो तेव्हा उभी राहून "कान दे, कान दे" करत रडली, चांगलं अर्धा तास. मी तिथेच होतो, हात पाठीवर होता, पण ऐकायला सोपं नव्हतं. पुढच्या रात्री कमी, त्याच्या पुढच्या रात्री परत जास्त. बायकोने एका रात्री आत डोकावून विचारलं की मी आत येऊ का, आणि मी नको म्हणालो, कारण आई दिसली की सगळं पहिल्यापासून. आता तुकड्याची कड चुरत झोपते. मी दाराशी स्टुलावर असतो. अकराला अजून उठते बऱ्याचदा, पण मी जाईपर्यंत कधी कधी तिनेच तुकडा शोधलेला असतो.

बाटली सुटली. तपासणीत लोह थोडं कमी निघालं, डॉक्टरांनी औषध दिलं आहे.

अडचण अशी की मागच्या आठवड्यात ताप आला, तीन रात्री मी तिच्याशेजारी आडवा पडलो आणि कान दिला. आता ताप नाही, पण कान परत हवा आहे. सगळं पहिल्यापासून का?

निशाचर_आई

तापात कान द्यायचाच. आजारी मुलाला नियम नसतात. ताप उतरून एक शांत दिवस गेला की त्याच संध्याकाळी परत स्टुलावर, त्याच वाक्यासह. हळूहळू मागे सरकायचं नाही आता, थेट जिथे होता तिथे. रडेल, पण पहिल्यासारखं नाही. रस्ता माहीत झालेला असतो. वाट बघत बसाल तर मात्र चुकाल, कारण दोन आठवडे कान मिळाला की ती नवी सवय झाली.

बाहेरगावी जाल तेव्हाही असंच होईल. तुकडा न विसरता न्या आणि परत आल्याच्या रात्रीपासून स्टूल. आणि रात्रीचं पान रोज एकाच क्रमाने उलटा: आंघोळ, मालिश, एखादं शांत पुस्तक, दिवा बंद. २००९ मध्ये चारशेच्या वर आया आणि त्यांच्या ७ ते ३६ महिन्यांच्या मुलांवर हेच करून बघितलं होतं, दुसरं काही बदललं नाही, तरी दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपायला लागली आणि रात्रीचं उठणं कमी झालं. तुमच्याकडे क्रम आहे की नाही ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.

जागता_पहारा

आंघोळ आहे, पुस्तक आहे, पण ज्या दिवशी जसं जमेल तसं. लावतो क्रम. आज रात्री स्टूल.

प्रतिक_३१

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. आमचा अडीच वर्षांचा. झोपतो सलग, पण हल्ली झोपल्यावर दोनेक तासांनी एकदम किंचाळत उठतो. डोळे सताड उघडे, घामाघूम, मला ढकलतो, ओळखत नाही. दहा मिनिटांनी गाढ झोपतो आणि सकाळी काही आठवत नाही. बायको घाबरली आहे. हे रडू दिल्याचं फळ का?

बालवैद्य_ग

नाही, त्याचा संबंध नाही. तुम्ही सांगता ते झोपेतल्या भयाच्या झटक्यासारखं वाटतं. गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना होतं, म्हणून रात्रीच्या पहिल्या भागात होतं. वाईट स्वप्न याच्या उलट, ते पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं, तुम्हाला बिलगतं आणि काय दिसलं ते सांगतं. तुमचा मुलगा डोळे उघडे असूनही झोपलेला आहे. त्याला हलवून उठवू नका, तोंडावर पाणी मारू नका, त्याने झटका लांबतो. पडणार नाही, आपटणार नाही एवढं बघा आणि शेजारी बसा. सकाळी विषय काढू नका.

घरात कुणाला लहानपणी झोपेत चालायची किंवा बडबडायची सवय होती का ते विचारा, हे घराण्यात चालतं. झोप कमी पडली की झटके वाढतात, तेव्हा आठवडाभर अर्धा तास लवकर झोपवून बघा. रोज साधारण एकाच वेळी येत असेल तर त्याच्या पंधरा मिनिटं आधी हलकंसं चाळवून परत झोपू द्यायचं, हाही एक उपाय आहे, दोन-चार आठवडे करतात. पण एका रात्रीत अनेकदा होत असेल, हातपाय एकाच तालात झटकत असेल, लाळ गळत असेल किंवा घोरत असेल तर मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. वर्णनापेक्षा ते अर्ध्या मिनिटाचं चित्रण आम्हाला जास्त उपयोगी पडतं.